कल्ला उचलून पाहावा तसा

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडा घ्यायला आलेलं सराईत गिऱ्हाईक मासेवालीच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. मासा हातात घेतं आणि अंगठ्याने कल्ला वर करतं. आत लालभडक असेल तर मासा रात्रीचा, तपकिरी पडला असेल तर बर्फातला. भावाची घासाघीस त्यानंतर. माशाचं वय त्याच्या आकारावरून किंवा खवल्यांच्या चमकेवरून कळत नाही, असलं शहाणपण किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.

फुटलेल्या ताऱ्याचा, म्हणजे अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हाचा), कल्ला म्हणजे त्याचा वर्णपट, त्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवून काढलेला आलेख. एखाद्या दीर्घिकेत काल नसलेला ठिपका आज दिसला, की फोटोवरून एवढंच समजतं की तिथे काहीतरी आहे आणि ते अमुक इतकं तेजस्वी आहे. ते काय आहे, कधी फुटलं, किती वेगाने पसरतंय, फुटण्याआधी त्याच्या अंगावर हायड्रोजन होता की नाही, हे प्रकाश फाकवून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. जगभरच्या सर्वेक्षणांतून वर्षाला हजारोंनी असे ठिपके नोंदले जातात. नोंद होताना नावाआधी ‘एटी’ लागतं, आणि वर्णपटाने ओळख पटली की त्याचं ‘एसएन’ होतं. दहांतल्या एखाद्याचीच ओळख पटते. बाकीचे बिननावाचे विझून जातात.

माशाशी एक फरक मात्र पहिल्यापासून ध्यानात ठेवायचा. मासा ताजा असला की लाल, तारा ताजा असला की निळा. नुकत्याच फुटलेल्या अतिनवताऱ्याचं तापमान दहा हजार अंशांच्या वर असतं. वर्णपट निळ्या टोकाला चढलेला आणि जवळजवळ गुळगुळीत दिसतो. मग स्फोटाने उडालेल्या वायूचा ढग पसरतो, थंडावतो, निळं टोक बसतं आणि त्या वायूने जे रंग शोषले तिथे आलेखात खड्डे उमटू लागतात. हे खड्डे वाचणं हेच या विद्येचं पोट.

खड्ड्याचा आकार एकदा नजरेत बसला की विसरत नाही. पसरणाऱ्या ढगाचा जो भाग आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये असतो, तो आपल्याकडेच धावत येत असतो. त्याने शोषलेला प्रकाश त्यामुळे निळ्या बाजूला सरकलेला दिसतो. कडेचा ढग मात्र मूळ जागेच्या आसपास उजळतो. आलेखात डावीकडे, निळ्या बाजूला, दरी, तिला लागून उजवीकडे टेकडी. हंस तारकासमूहातल्या पी सिग्नी ताऱ्यावरून या घाटाला नाव मिळालं आहे. श्वेतबटूच्या, म्हणजे इंधन संपून आटलेल्या ताऱ्याच्या स्फोटात, एक-ए प्रकारात, हायड्रोजन नसतो, आणि सिलिकॉनची ६३५५ अँगस्ट्रॉमची रेषा ठसठशीत दरी पाडते (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं माप, पुढचे असे आकडे त्यातलेच). समजा त्या दरीचा तळ ६१३० वर सापडला. फरक २२५. त्याला ६३५५ ने भागलं की ०.०३५४. प्रकाशाच्या वेगाने गुणलं की सेकंदाला सुमारे १०,६०० किलोमीटर. बोटं मोजून होणारं गणित आहे. दीर्घिकेचा स्वतःचा वेग आधी वजा करायचा असतो, पण एम१०१ किंवा एम८२ सारख्या शेजारच्या दीर्घिकांत तो दोनशे-अडीचशे किलोमीटरच असल्याने लहान उपकरणात त्याची पर्वा नाही.

याच दरीवरून वयही निघतं. सुरुवातीला आपल्याला बाहेरचे, सर्वांत जोरात उडालेले थर दिसतात. ढग विरळ होतो तशी नजर आतल्या, संथ थरांपर्यंत पोचते आणि दरी लाल बाजूला सरकते. एम८२ मधला एसएन २०१४जे हा २१ जानेवारी २०१४ ला लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत विद्यार्थ्यांच्या तासाला सापडला, फुटून साधारण आठवडा झाल्यावर. पहिल्या वर्णपटात सिलिकॉनचा वेग वीस हजारांच्या घरात होता, म्हणजे दरी पार ५९४० च्या आसपास. पुढे कमाल तेजापर्यंत तो बाराएक हजारांवर उतरला. आता यातली गंमत बघा. हा तारा रंगाने लालसर होता. निळा तो ताजा हा नियम इथे फसला, कारण एम८२ धुळीने बरबटलेली दीर्घिका आहे आणि धूळ निळा प्रकाश गिळते. रंगाने शिळा म्हटलेला मासा कल्ल्याने ताजा ठरला. ५८९० च्या जवळची सोडियमची खोल, अरुंद रेष त्या धुळीची साक्ष देत होती. म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. आधी खड्डे बघावेत.

आता घाई कशासाठी, ते सांगतो. १९ मे २०२३ च्या रात्री जपानच्या कोइची इतागाकींना एम१०१ मध्ये एसएन २०२३आयएक्सएफ सापडला. भारतीय वेळेने अकराला दोन-तीन मिनिटं कमी होती. वैशाखी अमावास्या, आणि त्याच सुमाराला कोकणातून एम१०१ उत्तरेला मध्यमंडळावर, म्हणजे रात्रीतल्या आपल्या सर्वांत वरच्या जागी, ५३ अंश उंचीवर. यापेक्षा सोयीची वेळ पंचांग काढूनही मिळाली नसती. पहिल्या काही दिवसांच्या वर्णपटात त्याने अरुंद उत्सर्जनरेषा, म्हणजे खड्ड्यांऐवजी उजळ रेषा, दाखवल्या. आयनित हेलियमची ४६८६ ची रेषा, सोबत कार्बन आणि नायट्रोजनच्या. मरण्याआधीच्या काही वर्षांत ताऱ्याने अंगावरून सोडलेला वायू भोवती दाट साचला होता, स्फोटाच्या पहिल्या झळीने तो पेटला, आणि मागून आलेल्या मलब्याने काही दिवसांतच तो गिळून टाकला. साधारण आठवडाभरात त्या रेषा गेल्या. जूनमध्ये काढलेल्या कितीही नेटक्या वर्णपटात त्या सापडणार नाहीत. ताऱ्याने शेवटच्या वर्षांत काय केलं याचा पुरावा फक्त त्या आठवड्याचाच होता.

म्हणून या धंद्यात एकच पक्षपात मान्य आहे. आज रात्रीचा वेडावाकडा वर्णपट परवाच्या सुबक वर्णपटापेक्षा मोलाचा. उपकरणांच्या परिपूर्ण जुळणीची वाट बघणाऱ्यांच्या हाती बहुधा सुबक आणि शिळा वर्णपट लागतो.

किनाऱ्यावर जुळणीला आडवं येणारं पहिलं म्हणजे अक्षांश. रत्नागिरी १७ अंशांवर, विजयदुर्ग साडेसोळावर. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, माडांच्या शेंड्यांत किंवा धुरकट पट्ट्यात. बाजारात मिळणारी बरीच विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती ताऱ्यामागे फिरणाऱ्या दुर्बिणीच्या बैठका, चाळीस-पन्नास अंशांवरच्या देशांचा विचार करून घडवलेल्या असतात. काहींचा ध्रुवाक्ष वीसच्या खाली उतरतच नाही. मग तिकाटण्याचा उत्तरेकडचा पाय आखूड करून सगळा डोलारा तीनेक अंश उत्तरेला झुकवावा लागतो. अक्ष इतका आडवा झाला की प्रतिवजनाचा दांडा खाली येताना थोडा उत्तरेला झुकतो आणि नेमका उत्तरेच्या पायावर आदळतो. पुस्तकांत तिकाटण्याचा एक पाय उत्तरेला ठेवायला सांगितलेलं असतं. इथे उलट करावं. एक पाय दक्षिणेला ठेवून उत्तरेला दोन पायांमधली फट ठेवली की दांडा मोकळा फिरतो. मग आखूड करायचे पाय दोन होतात, एवढंच. किंवा मध्ये वीतभर उंचीचा नळकांडी जोड टाकावा.

दुसरं म्हणजे जागा. गावात माड-पोफळींनी आकाश झाकलेलं, म्हणून सगळे सड्यावर, जांभ्याच्या पठारावर जातात. सडा उघडा, चहूबाजूंनी आकाश, पण दिवसभर तापलेला जांभा रात्री नऊ-दहापर्यंत ऊब सोडत राहतो आणि ताऱ्यांचे ठिपके उकळल्यासारखे हलतात. संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई वारे सुटेपर्यंत मधे एक निवांत पोकळी असते. गवताळ कड मिळाली तर दुर्बीण कातळाऐवजी तिथे मांडावी, फरक पडतो.

उपकरणाचे दोन मार्ग आहेत. स्वस्तातला म्हणजे सव्वा इंची फिल्टरच्या आट्यात बसणारी ग्रेटिंग, प्रकाश फाकवणारी बारीक रेघांची काच, मिलिमीटरला १०० रेघांची. ती कॅमेऱ्याच्या चिपपासून ५० मिलिमीटरवर बसवली आणि पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा असला, तर दर पिक्सेलला ७.५ अँगस्ट्रॉम पडतात. फट नसते, ताऱ्याचा ठिपकाच फटीचं काम करतो. म्हणून हवा हलली की वर्णपट पुसट. फोकस ताऱ्यावर करू नये, वर्णपटावर करावा. अभिजितसारखा ए वर्गाचा तारा घ्यावा आणि हायड्रोजनच्या रेषा धारदार होईपर्यंत नॉब फिरवावा. तरंगलांबीचं मापही त्याच ताऱ्यावरून बसतं. एक खूण म्हणजे न फाकलेला ठिपका, दुसरी ४८६१ ची रेषा. शेजारच्या एखाद्या ताऱ्याचा ठिपका आपल्या वर्णपटावर येऊन बसला तर ग्रेटिंग थोडी फिरवून पुन्हा घ्यावं. ते न केल्याने झालेली जोरदार उत्सर्जनरेषा पाहून भल्याभल्यांना शोध लागल्याचा भास होतो.

महागातला मार्ग म्हणजे फटीचा वर्णपटमापक. आल्पी ६०० हे त्यातलं शौकिनांत रुळलेलं नाव. फट २३ मायक्रॉनची. आठ इंची, १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या परावर्तक दुर्बिणीवर ही फट आकाशात पावणेपाच आर्कसेकंद झाकते. तारा त्या फटीत तासभर बसवून ठेवायचा, म्हणजे फटीच्या आरशावर नजर ठेवणारा दुसरा कॅमेरा आणि सतत दुरुस्ती. अकराव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) अतिनवताऱ्याला दहा-दहा मिनिटांच्या सहा फ्रेम पुरतात. चौदाव्या प्रतीला रात्र द्यावी लागते आणि तरीही धन्यवाद म्हणावे असं काही हाती येतंच असं नाही.

फटीचा खरा फायदा रेषा बारीक दिसण्यात जितका, तितकाच पार्श्वभूमी वजा करता येण्यात आहे. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना फटीत जे रिकामं आकाश येतं ते काढून टाकायचं. त्या आकाशात सड्यावरच्या सोडियम दिव्याची ५८९० ची रेषा असते, पांढऱ्या एलईडीचा ४५०० जवळचा उंचवटा असतो. आणि पश्चिमेला वळलात तर समुद्रावरचा उजेड. एलईडी लावून मासे गोळा करायला बंदी आहे म्हणे, पण काही रात्री दर्यावर शहर वसल्यासारखं दिसतं. पारंपरिक मच्छीमारांची त्यावरची तक्रार कितीतरी मोठी आणि पोटाची आहे. आपली त्यात एक फुटकळ भर. ताऱ्याशेजारच्या ‘आकाशात’ दीर्घिकाही असते, ही मात्र वेगळी कटकट. २०२३आयएक्सएफ हा एनजीसी ५४६१ या तेजोमेघी डागाच्या जवळ होता. अशा डागातल्या वायूची ६५६३ ची बारीक रेषा ताऱ्याच्या नावावर खपू शकते. फटीच्या एका बाजूचं आकाश वजा करून आणि मग दुसऱ्या बाजूचं वजा करून दोन आलेख काढावेत. जी रेषा एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ती ताऱ्याची नव्हे.

फट कोणत्या दिशेने ठेवायची याकडे नवखे लक्षच देत नाहीत. वातावरण प्रकाशाला लोलकासारखं फाकवतं, क्षितिजाला काटकोनात. एम८२ इथून जास्तीत जास्त ३७ अंश वर येते. तेवढ्या खाली निळा आणि लाल प्रकाश एकमेकांपासून दोनेक आर्कसेकंद सरकतात. फट आडवी असेल तर लाल प्रकाश आत आणि निळा बाहेर, असा तारा उगाच लाल दिसतो. तारा शिळा ठरवायची ही आणखी एक चुकीची वाट. फट क्षितिजाला उभी ठेवली की दोन्ही रंग तिच्या लांबीवर पसरतात आणि काही गळत नाही. त्याच उंचीवरचा एखादा ए किंवा बी वर्गाचा तारा आधी आणि नंतर घेतला, की हवेने काय खाल्लं तेही कळतं. किनाऱ्यावर ७२०० आणि ८२०० च्या आसपासचे बाष्पाचे पट्टे खोल असतात आणि वारा फिरला की बदलतात. ६८७० आणि ७६०० च्या ऑक्सिजनच्या पट्ट्यांना मात्र ताऱ्याच्या रेषा समजू नये. ते रोज, प्रत्येक ताऱ्यात, जागच्या जागी असतात.

मोजपट्टीसाठी निऑन. वर्णपटमापकासोबत आर्गॉन-निऑनचा दिवा येतो, पण जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी इंडिकेटरही चालतो. ५८५२, ६१४३, ६४०२ या रेषा त्यात स्पष्ट असतात. निळ्या भागात निऑन मुका, तिथे ट्यूबलाइटच्या काही स्टार्टरमधला आर्गॉन उपयोगी पडतो. मोजपट्टीची फ्रेम ताऱ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा घ्यावी, कारण दुर्बीण वळते तसा वर्णपटमापक स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो. दिवा घ्यायचा राहून गेलाच तर आकाशाने एक खूण फुकट ठेवली आहे. वरच्या वातावरणातल्या ऑक्सिजनची ५५७७ ची हिरवी रेष प्रत्येक लांबलचक फ्रेममध्ये असते. ती ५५८२ वर दिसली, तर सगळं पाच अँगस्ट्रॉमने सरकलंय.

दमटपणाबद्दल लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल. दवाचे पट्टे, म्हणजे दव धरू नये म्हणून दुर्बिणीला गुंडाळायचे गरम पट्टे, थंडीतच लागतात असं नव्हे, नोव्हेंबर ते मे लागतातच. कॅमेरा उणे दहावर नेण्याचा हट्ट धरू नये. मेमध्ये रात्री २७-२८ अंश असताना काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरतं आणि मग वर्णपटाच्या मधोमध एक मऊ, रुंद, सुंदर खड्डा दिसतो, जो ताऱ्याचा नसतो. शून्य अंश पुरे. आतली सिलिका जेलची पुडी आधी तव्यावर भाजून घ्यावी. माउंट, कॅमेऱ्याचं शीतकरण आणि दवाचे पट्टे मिळून बारा व्होल्टवर पाच-सहा अँपिअर खातात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्यापर्यंतच उतरवायची म्हटली तर हातात पाच-सहा तास. लाईट जाण्याचा हिशोब वेगळा धरायला नको, सड्यावर ती नसतेच.

आणि वेळ. फाइलमध्ये भारतीय वेळ लिहिणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग चूक. जागतिक वेळ साडेपाच तास मागे. २० तारखेच्या पहाटे दोनला घेतलेली फ्रेम १९ तारखेच्या २०:३० ची असते. तासातासाने बदलणाऱ्या रेषांच्या आलेखात साडेपाच तासांची चूक म्हणजे तो बिंदू वेगळ्याच रात्री जाऊन बसतो.

एवढं सगळं जमवलं तरी पावसामुळे कोकणाच्या नशिबी एक महिना हमखास नसतो, तो ऑगस्ट. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गावरून गेलं. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवून तिथे नॉर्मन लॉकियरला हेलियम सापडला असं सांगतात, आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही होतो. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने सूर्याच्या कडेची ती पिवळी रेष वर्णपटात पाहिली २० ऑक्टोबरला, ग्रहणाविनाच. ग्रहणात वर्णपट घेतला तो गुंटूरला पिएर जान्सनने आणि इतर काहींनी. रेष ५८७६ वर, सोडियमच्या जोडीपासून जेमतेम १४ अँगस्ट्रॉमवर. कित्येकांनी ती सोडियमचीच धरली. पृथ्वीवर हेलियम मिळायला १८९५ उजाडावं लागलं. हे सांगितल्याने विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. सावली तर गेलीच होती डोक्यावरून. आणि आज हायड्रोजन नसलेला अतिनवतारा एक-बी प्रकारचा आहे की एक-सी, याचा निवाडा त्याच ५८७६ च्या दरीवर होतो. असली तर बी, नसली तर सी.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर गुरुत्वीय लहरींत सापडली, भारतीय वेळेने सायंकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी. ठिकाण एनजीसी ४९९३ ही दीर्घिका, तेरा कोटी प्रकाशवर्षांवर. त्याचा प्रकाश निळ्याचा लाल व्हायला महिने लागले नाहीत, दिवस लागले. ८१०० जवळच्या दरीत स्ट्रॉन्शियम ओळखलं गेलं ते २०१९ मध्ये, पण २०१७ च्याच वर्णपटांवरून. तेव्हा घेतले नसते तर नंतर कुणाला ओळखता आलं नसतं. तो ठिपका लहान दुर्बिणीच्या आवाक्यातला नव्हताच. पण ८ ऑगस्ट २०२१ ला आरएस ओफिउकी हा आवर्ती नवतारा, म्हणजे न फुटता पुन्हा पुन्हा भडकणारा तारा, पाचव्या प्रतीच्या आसपास भडकला. सव्वा इंची ग्रेटिंगला तो पुरून उरला असता. संध्याकाळी डोक्यावर, आणि खाली कोकणात ढगांची गोधडी. याआधीचा त्याचा भडका फेब्रुवारी २००६ चा.

टी कोरोने बोरिआलिसच्या बाबतीत तरी दैव बरं निघावं. १८६६ आणि १९४६ ला भडकलेला तारा, ऐंशी वर्षांच्या हिशोबाने पाळी आता आहे. १८६६ च्या मेमध्ये विल्यम हगिन्सने त्याचा वर्णपट पाहिला आणि हायड्रोजनच्या उजळ रेषा टिपल्या. नवताऱ्याला वर्णपटदर्शक लावण्याची ती पहिली वेळ. दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर चढतो आणि आठवड्याभरात नुसत्या डोळ्यांच्या टप्प्याबाहेर जातो. इथून तो ८१ अंशांवर येतो, जवळजवळ माथ्यावर. एप्रिल-मेमध्ये भडकला तर सड्यावर झोपून बघता येईल.

पावसाळ्यात घाटावर जुन्नरजवळची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीणही मिटलेली असते. हानलेला साडेचार हजार मीटरवर हिमालयाच्या पलीकडे दोन मीटरची चंद्रा दुर्बीण असते, बंगळुरूजवळच्या होसकोट्याहून चालवलेली. ऑगस्टमधल्या फुटलेल्या ताऱ्यांची भारतातली भिस्त बरीचशी तिच्यावर. किनाऱ्यावर मृग लागायच्या आत ग्रेटिंग आणि कॅमेरा भाजलेल्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात जातात. आरशावर बसलेलं मीठ डब्यात जाण्याआधी डिस्टिल्ड पाण्याच्या धारेने धुवायचं, न पुसता, उभं वाळवून. आणि मग चार महिने दुसऱ्यांनी खुले ठेवलेले वर्णपट उतरवून घ्यायचे, तारीख झाकायची, दरीचा तळ शोधून वय सांगायचं, आणि मग तारीख उघडायची. पहिल्या दहा-बारांत आठवड्याची चूक होते. गणपतीपर्यंत दोन-तीन दिवसांवर येते.